चषकावर नाव कुणाचं?

भीमजयंतीच्या कबड्डी स्पर्धा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आपल्या वस्त्यांना नव्या नाहीत. कॅम्पातली मैदानं असोत, बुवापाडा असो की सोनिवली, एप्रिल आला की चुन्याच्या रेघा पडतात, हॅलोजन लागतात आणि रात्री दोन वाजेपर्यंत चढाया चालतात. यात आम्हीही वर्षानुवर्षं राबलो आहोत. म्हणूनच आज जे लिहितो आहोत ते आधी आमच्यावर आणि मग इतरांवर.

आमच्याच एका मंडळाच्या स्पर्धेत वस्तीतली एक मुलगी सलग तीन वर्षं उत्कृष्ट चढाईपटू ठरली. पुढे एका प्रशिक्षण शिबिराच्या निवडीसाठी तिला विचारलं, आजवर काय खेळलीस, दाखव. तिने तीन चषक नेले. तिन्हींवर 'सौजन्य' म्हणून एका माननीयांचं नाव ठळक होतं, त्याखाली मंडळाच्या अध्यक्षांचं, त्याखाली 'उत्कृष्ट चढाईपटू' एवढंच. तिचं नाव कुठेच नाही. असणार कसं? चषक स्पर्धेच्या आधीच बनवून आणले होते! ती आमच्याकडे गुणपत्रकं मागायला आली. अंतिम सामना संपल्यावर त्या कागदांत वडापाव बांधले गेले होते. शिबिराला तिची निवड झाली नाही. फक्त कागदामुळे झाली नाही असं आम्ही म्हणणार नाही. पण तिची बाजू मांडायला आमच्याकडे एक कागदही नव्हता, ही आमची चूक.

मित्रांनो, सन्मान आणि विक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सन्मान समिती देते. विक्रम खेळाडू करतो आणि वही तो जपते. ज्या समाजाला समित्यांनी कायम बाहेर ठेवलं, त्याला वहीचं महत्त्व इतरांपेक्षा जास्त कळायला हवं. आपला इतिहासच ते सांगतो.

पळवणकर बाळू हे नाव किती जणांना माहीत आहे? चांभार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात महिन्याला काही रुपयांवर मैदानाची कामं करत, साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत तो घडला. हिंदूंच्या संघाला तो जिंकण्यासाठी हवा होता, पण चहाच्या वेळी त्याला मातीच्या पेल्यात चहा मिळायचा, तोही बाहेर. पुढे मुंबईत तो हिंदू जिमखान्याकडून खेळला. १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराजा. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १९ च्या आत. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. हे आकडे आज कुणीही पुसू शकत नाही.

आणि सन्मान? हिंदू संघाचा हा सर्वांत मोठा गोलंदाज त्या संघाचा कर्णधार कधीच झाला नाही. १९१३ मध्ये कर्णधार पै यांनी स्वतःच्याच सत्कारात, हा मान खरा बाळूंचा होता, अशा अर्थाचं बोलून दाखवलं. तरीही समिती हलली नाही. १९२० मध्ये चौरंगी स्पर्धेच्या संघातून बाळूंना वगळलं आणि विठ्ठलला कर्णधारपदासाठी डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ जाहीर निवेदन देऊन संघाबाहेर पडले. हे तेच वर्ष, ज्याच्या जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. भावांच्या या बंडानंतर समितीला नमतं घ्यावं लागलं. अंतिम सामन्यासाठी बाळू उपकर्णधार झाले आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्यापुरतं त्यांनी संघाचं नेतृत्व केलं. विठ्ठल कर्णधार झाले ते १९२३ मध्ये, आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

आता नीट बघा. बाळूंकडे ११४ चा आकडा नसता, तर 'आमचा माणूस लायक होता' हे वाक्य नुसती तक्रार ठरलं असतं. आकडा असल्यामुळे तो पुरावा ठरतो. पण धावफलकाचीही एक मर्यादा आहे. त्यात बळी आहेत, मातीचा पेला नाही. कुणाला का वगळलं हे त्यात नाही. विठ्ठल पळवणकरांनी १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. खेळणाऱ्याने स्वतः लिहिलं, म्हणून आकड्यामागचा माणूस आपल्यापर्यंत पोहोचला.

इथे आमचे काही कार्यकर्ते अडतात. बाळूंनी पुणे करारावर सही केली, १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, मग त्यांचे गोडवे आपण का गायचे? बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब जिंकले. हा आकडाही आम्ही त्याच वहीत लिहितो. राजकारणात बाळू चुकीच्या बाजूला होते असं आमचं स्पष्ट मत आहे. पण म्हणून ११४ चे ११३ होत नाहीत. मत पटलं नाही म्हणून माणसाचा पराक्रम गाळायचा, ही तर त्या निवड समितीचीच रीत झाली. आपणही तेच करणार असू, तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वैयक्तिक सन्मानातून व्यक्तिपूजा वाढते आणि बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं होतं. बरोबर आहे. पण भक्ती मोजत नाही, नोंद मोजते. भक्त म्हणतो 'आमचा पोरगा वाघ आहे'. वही म्हणते, बारा चढाया, सात गुण, दोनदा पकडला गेला. व्यक्तिपूजा तर आज चषकावरच्या त्या ठळक 'सौजन्या'ची चालली आहे. ती आधी थांबवा.

केवळ आकड्याने न्याय मिळतो असाही आमचा भाबडा समज नाही. ऑस्ट्रेलियात अंडाकृती चेंडूचा त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे. तिथे ब्राउनलो पदक १९२४ पासून दिलं जातं. दर सामन्यानंतर मैदानावरचे पंच ३, २, १ अशी मतं देतात, पुरस्कर्ता नाही. आदिवासी समाजातल्या अ‍ॅडम गुड्सने हे पदक २००३ आणि २००६ मध्ये मिळवलं, सिडनी संघाकडून ३७२ सामने खेळले. तरी वंशभेदाविरुद्ध बोलला म्हणून प्रेक्षकांनी त्याची सामन्यामागून सामना हुर्यो उडवली आणि २०१५ मध्ये त्याने खेळ सोडला. २०१९ मध्ये लीग आणि सगळ्या क्लबांनी त्याची माफी मागितली. नोंद अन्याय थांबवू शकली नाही, हे खरं. पण तो खेळाडूच सुमार होता, असं म्हणायची सोय तिने कुणालाही ठेवली नाही.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. पुढच्या जयंतीला डीजेच्या बजेटमधून शंभर रुपये काढा आणि जाड पुठ्ठ्याची वही घ्या. प्रत्येक खेळाडूचं पूर्ण नाव, सामना, तारीख, चढाईचे गुण, पकडीचे गुण लिहा. मुलींच्या सामन्यांची पानं वेगळी मागे ठेवू नका, तारखेप्रमाणे त्याच ओळीत येऊ द्या. उत्कृष्ट खेळाडू पंचांच्या मतांनी ठरवा आणि ती मतं वहीत लिहा. कुणाला संघातून वगळलं तर कारण लिहून निवडणाऱ्यांनी खाली सही करावी. चषकावर खेळाडूचं नाव मोठं, देणगीदाराचं लहान. नाव नंतर कोरायचं म्हणून दोन दिवस उशीर झाला तरी चालेल. आणि पानाची एक प्रत खेळाडूच्या हातात द्या.

स्थानिक स्पर्धेचा कागद सरकारी नोकरीच्या क्रीडा आरक्षणात चालत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण जिल्ह्याच्या निवडीला जाणारं पोरगं रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

त्या मुलीची तीन वर्षं आम्ही आता जुळवतो आहोत. पंचांना विचारून, मोबाइलमधले जुने व्हिडिओ पाहून. दोन सामन्यांचे गुण सापडले, बाकीचे शोधतो आहोत. आमच्या वहीचं पहिलं पान तिच्या नावाचं आहे.

जय भीम!