खोकतो घोडा, घाबरतो माणूस

रोगाच्या नावात फ्लू आला की माणूस आधी स्वतःचे नाक चाचपतो. यात त्याचा फारसा दोष नाही. २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात. शाळा बंद पडल्या, मास्क मिळेनासे झाले. कोंबडी झाली, डुक्कर झाले, आता घोड्याची पाळी, असा हिशोब मनात आपोआप जुळतो. तो चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. पण त्याहून जास्त नुकसान दुसरा एक हिशोब करतो. पहिला खोडून झाला की लगेच कोणीतरी तो पुढे करतो: माणसाला होत नाही ना? मग सोडा.

आधी पहिल्याचा समाचार घेऊ.

घाबरणाऱ्यांचे सर्वांत चलनी नाणे म्हणजे ‘एच३एन८’. आज घोड्यांत फिरणारा फ्लू याच प्रकारचा आहे. १९६३ मध्ये तो अमेरिकेत मायामीच्या घोड्यांत प्रथम ओळखला गेला. (१९५६ मध्ये प्रागला सापडलेला एच७एन७ हा घोड्यांचा जुना फ्लू, तो गेली कित्येक दशके कुठे आढळलेला नाही.) २०२२ मध्ये चीनच्या हेनान प्रांतातल्या चार वर्षांच्या मुलाला एच३एन८ ची लागण झाली. पुढच्या वर्षी ग्वांगडाँगमधली छप्पन्न वर्षांची एक बाई त्याच नावाच्या विषाणूने दगावली. मग घोड्याचा रोग माणसात आलाच की, असे कोणालाही वाटेल. पण तो विषाणू पक्ष्यांचा होता, घोड्याचा त्यात काही संबंध नव्हता. एच आणि एन ही विषाणूच्या अंगावरच्या दोन प्रथिनांची नावे आणि त्यांपुढचे आकडे हे त्यांचे प्रकार. विषाणूच्या आठ जनुकखंडांपैकी दोघांचा पत्ता त्यातून लागतो, उरलेल्या सहांचा लागत नाही. जोशी आडनावाची सगळी माणसे एका घरची नसतात, तसेच हे आहे.

दुसरा आक्षेप इतिहासातून येतो आणि तो अधिक वजनदार आहे. युरोपातल्या जुन्या नोंदींत घोड्यांच्या खोकल्यापाठोपाठ माणसांच्या तापाच्या साथी आल्याचे उल्लेख सापडतात. घोड्यांची सर्वांत गाजलेली साथ १८७२ ची. शरद ऋतूत टोरांटोच्या तबेल्यांत घोडे खोकू लागले आणि काही आठवड्यांतच न्यूयॉर्क-बोस्टनपर्यंत सारी वाहतूक लुळी पडली. ट्रामगाड्या उभ्या राहिल्या, गोदीवरचा माल गोदीवरच साचला, गाडे ओढायला माणसे जुंपली गेली. ९ नोव्हेंबरला बोस्टनमध्ये आग लागली, तेव्हा बंब ओढायला पुरेसे धड घोडेच नव्हते. जवानांनी ते दोरखंडाने ओढत नेले. साडेसातशेहून जास्त इमारती जळाल्या. घोडा आजारी पडला तर शहराचे काय होते, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? आणि तरीही माणसांची जागतिक साथ त्या साली आली नाही. ती आली १८८९ मध्ये, सतरा वर्षांनी. ती साथ एच३ जातीच्या विषाणूची असावी, असा तर्क वृद्धांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांवरून पूर्वी केला गेला. अलीकडे काही संशोधक तिचे खापर एका कोरोना विषाणूवर फोडतात. जिचा गुन्हेगारच अजून ठरलेला नाही, त्या साथीवरून आजच्या घोड्याला आरोपीच्या पिंजऱ्यात कसे उभे करणार?

तिसरा मुद्दा कुत्र्यांचा. २००४ मध्ये फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत घोड्यांचा एच३एन८ शिरला, काही कुत्री मेली आणि पुढे तो अमेरिकेतल्या कुत्र्यांचा स्वतःचा फ्लू होऊन बसला. विषाणू जात ओलांडू शकतो, हे यातून सिद्ध झाले आणि ते मान्य करायलाच हवे. पण पुढे पाहा. अमेरिकेतली कुत्री माणसाच्या सोफ्यावर बसतात, अंथरुणात झोपतात, तोंड चाटतात. एवढ्या सलगीनंतरही त्या विषाणूने माणसाला आजारी पाडल्याची नोंद नाही. याचे एक कारण शरीराच्या रचनेत आहे. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेतल्या पेशींवरच्या साखरेच्या साखळीला चिकटतो. घोड्यांत ती साखळी एका पद्धतीने जोडलेली असते, माणसाच्या नाक-घशात बहुतांशी वेगळ्या पद्धतीने.

म्हणजे अशक्यच आहे का? असे मी म्हणणार नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्वयंसेवकांना घोड्यांचा हा विषाणू मुद्दाम देऊन पाहिला, तेव्हा काहींना लागण झाली; आजार सौम्य होता. आयोवा राज्यात घोड्यांत वावरणाऱ्या काही जणांच्या रक्तात त्याच्या खुणाही सापडल्या. पण प्रयोगशाळेतला मुद्दाम दिलेला डोस वेगळा आणि तबेल्यातली हवा वेगळी.

सर्वांत मोठी कसोटी ऑस्ट्रेलियात झाली. ऑगस्ट २००७ मध्ये तिथे हा रोग पहिल्यांदा शिरला आणि सुमारे ७६ हजार घोडे त्याच्या तडाख्यात सापडले. मालक, जॉकी, पशुवैद्य दिवसरात्र खोकणाऱ्या घोड्यांच्या तोंडाशी होते. नंतर क्वीन्सलँडमध्ये अशा लोकांचे रक्त तपासले, तर माणसाला लागण झाल्याचा म्हणावा असा पुरावा मिळाला नाही. चौकशीत निघाले ते निराळेच. जपानहून आलेल्या घोड्यांबरोबर सिडनीजवळच्या विलगीकरण केंद्रात पोचलेला विषाणू बाहेर पडला, तो बहुधा माणसांच्या कपड्यांवरून, हातांवरून किंवा सामानावरून. या रोगात माणूस आला तो वाहक म्हणून. घोड्याकडून आपल्याला काय होईल, याची चर्चा करताना आपण त्याच्या तबेल्यात काय घेऊन जातो, हे विचारायचे राहूनच जाते.

घोड्यापासून माणसाला खरोखर जिवावरचा धोका असतो, तो दुसरीकडे. ऑस्ट्रेलियातच १९९४ मध्ये ब्रिस्बेनला हेंड्रा विषाणू उघडकीस आला. आजवर सात माणसांना त्याची बाधा झाली आणि चार गेली. आपल्याकडे ग्लँडर्स आहे, आणि २००६ मध्ये त्याने पुन्हा डोके वर काढले ते महाराष्ट्रातच. तो माणसाला होतो, मारतो, म्हणून बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो. घोडेवाल्याला हे ठाऊक असते. अशात घोड्याचा फ्लूही माणसाला मारतो, अशी हूल उठली तर तो काय करेल? खोकणारा घोडा लपवेल, रातोरात दुसऱ्या गावी हलवेल. घोड्यांच्या फ्लूत खोकल्याचे तुषार तीसएक मीटर उडतात आणि एक घोडा थोड्याच दिवसांत सारा तबेला बाधित करू शकतो. म्हणजे साथ वाढवण्याचे काम ही भीतीच करेल.

आता दुसऱ्या हिशोबाकडे. माणसाला होत नाही, तर सरकारने घोड्यांसाठी पैसा का घालावा, असे विचारणाऱ्यांना गुरांचा लम्पी रोग आठवावा. २०२२ मध्ये तो महाराष्ट्रभर पसरला. तो माणसाला होत नाही, दुधातूनही येत नाही, हे पशुसंवर्धन खाते घसा कोरडा करून सांगत होते. तरीही राज्यभर गाई-बैलांना लस टोचली आणि मेलेल्या गाईमागे तीस हजार रुपये भरपाई दिली. लाळ्या-खुरकुताची लसही आपण गुरांसाठीच देतो. गोठ्याला लागू होणारा न्याय तबेल्याला लागू व्हायला काय हरकत आहे?

घोडा म्हटले की डोळ्यांपुढे महालक्ष्मीचे रेसकोर्स येते. तिथल्या घोड्यांना लस, पशुवैद्य, सगळे मिळते. पण २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे, खेचरे आणि गाढवे मिळून साधारण साडेपाच लाख निघाली. त्यांतली कितीतरी टांग्याला, वीटभट्टीवर, वरातीत, यात्रेकरूंच्या खोगिराखाली राबतात. २००८ मध्ये आपल्याकडे घोड्यांच्या फ्लूची साथ आली, ती सुरू झाली तीही जम्मूतल्या कटऱ्याला, वैष्णोदेवीच्या वाटेवर माणसे वाहणाऱ्या जनावरांत, आणि तिथून ती अनेक राज्यांत गेली. मोटारबंदी असलेल्या माथेरानमध्ये कितीतरी कुटुंबांचे पोट घोड्याच्या पाठीवर आहे. ताप जितके दिवस, तितके आठवडे विश्रांती, असा पशुवैद्यांचा नियम आहे. तीन दिवसांचा ताप म्हणजे तीन आठवडे चंदी-वैरण घरातून आणि कमाई शून्य. हंगामात कोणता घोडेवाला एवढे थांबेल? आणि खोकत्या घोड्याला कामाला जुंपले तर फुप्फुसात दुसरा जंतुसंसर्ग घुसतो आणि हातचा घोडा जातो.

तेव्हा मागणी साधी आहे. २००८ च्या साथीतला कटऱ्याचा विषाणू घेऊन हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने लस तयार केली आहे. ती रेसकोर्सबाहेरच्या घोड्या-खेचरांना लम्पीसारखीच फुकट टोचावी. सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या बाजारात उतरणाऱ्या घोड्याचा ताप वेशीवरच पाहावा. ताप निघाला तर बाजूला बांधायला निराळी जागा, निराळा तोबरा, निराळी पाण्याची बादली असावी आणि विश्रांतीच्या आठवड्यांची मजुरी मालकाला मिळावी. ही शेवटची गोष्ट झाली नाही, तर बाकीच्या कागदावरच राहतील. कारण घोडा खोकतोय हे सर्वांत आधी कळते ते मालकाला, आणि ते सांगायचे की नाही हे तोच ठरवतो.