कराच्या ओझ्याखाली रेसकोर्स
सप्टेंबर 2025 पासून घोड्यांच्या शर्यतीतल्या पैजेवर 40 टक्के जीएसटी लागतो, तोही क्लबच्या कमिशनवर नव्हे, पैजेच्या पूर्ण रकमेवर. मुंबई-पुण्याचा मोठा क्लब हे ओझं कसंबसं पेलेल. म्हैसूरसारख्या छोट्या क्लबचं कंबरडंच मोडेल. फावतं ते बेकायदा बुकींचं. उत्पन्न घटलं की बक्षिसं आटतात, मालक नवे घोडे घेत नाहीत. झळ पोचते ती भल्या पहाटे खरारा करणाऱ्या, घोड्याच्या पायांवरून हात फिरवून सूज चाचपणाऱ्या सईसाला आणि नालबंदाला. शर्यत असो वा नसो, दाणा-वैरण रोज लागतेच. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्येच सांगितलं. सरकारनं कर जरूर घ्यावा, पण क्लबच्या कमिशनपुरताच.