परवाना कोणाच्या सहीचा?

गडचिरोलीच्या मागासलेपणाचा विषय निघाला की मुंबईतून ठरलेले उत्तर येते: घनदाट जंगल, दुर्गम डोंगर, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. त्यात तथ्य आहे. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क आजही तुटतो. पण सगळे खापर भूगोलावर फोडले की इतिहास नामानिराळा राहतो. याच झाडीपट्टीत गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने तलाव आणि बोड्या (लहान तळी) बांधून भाताची शेती उभी केली. तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळे, असे इथली परंपरा सांगते. जमीन तीच आणि पाऊसही तोच. बदलली ती मालकी.

१७५१ साली चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, राज्य नागपूरच्या भोसल्यांकडे गेले आणि १८५४ मध्ये नागपूरबरोबर इंग्रजांकडे. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी दिले गेले. पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलाची रेघ ओढली आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणारा माणूस कागदावर घुसखोर ठरला. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, ते योग्यच झाले. मात्र तिच्याबरोबर तलावही सरकारजमा झाले, गाळ काढण्याची गावाची जुनी व्यवस्था मोडली आणि अनेक तलाव उथळ होत गेले. बल्लारपूरच्या कागद गिरणीला सरकार वर्षानुवर्षे सवलतीच्या दराने बांबू देत राहिले. त्याच जंगलातून सूप-टोपलीसाठी चार बांबू आणणाऱ्याला मात्र वनरक्षकाची भीती. शेजारच्या चंद्रपूरच्या कोळशाची कथा वेगळी नाही. तिथल्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राची वीज राज्यभर जाते, राख आणि धूळ चंद्रपूरकरांच्या छातीत उतरते. ही विषमता निसर्गाने नव्हे, एकामागून एक आलेल्या राज्यकर्त्यांच्या निर्णयांनी घडवली.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात आहे. वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, वन विभागाच्या हातात होता. ही टीपी म्हणजे पावतीपुस्तकासारखे एक साधे पुस्तक. माल किती, गाडी कोणती, जाणार कुठे, एवढे लिहायचे आणि खाली सही करायची. ती नसेल तर नाक्यावर गाडी अडते आणि गावाचा कायदेशीर हक्क तिथेच संपतो. गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी माघार घेतली नाही. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती गेले. जंगल तेच होते, बांबूही तोच. फक्त सही गावाची झाली आणि विक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला.

मालकी आली की गाव जंगल ओरबाडेल, ही वन खात्याची जुनी भीती. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तिला कृतीने उत्तर दिले. २०१२ मध्ये हक्क मिळालेले हे गाव बांबू विकते, पण तेंदूपत्ता तोडणे त्याने स्वतःहून थांबवले, कारण पानांसाठी झाडे छाटली जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. हातची मजुरी सोडून देणारा हा निर्णय कोणत्याही वनाधिकाऱ्याच्या आदेशाने झालेला नाही.

आता पाळी लोहखनिजाची आहे. एटापल्लीतल्या सुरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे आणि त्याच पहाडावर ३४८ हेक्टरचा खाणपट्टा. कोनसरीला पोलाद प्रकल्प येणे स्वागतार्हच आहे. कच्चा माल बाहेर नेण्यापेक्षा कारखाना जिल्ह्यात असलेला केव्हाही चांगला. पण जिल्ह्याला ‘स्टील हब’ करण्याच्या सरकारी घोषणेत ग्रामसभेचा उल्लेख शोधावा लागतो. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१३ मध्ये बारा ग्रामसभांना विचारले गेले आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. गडचिरोलीतल्या ग्रामसभा हो म्हणतील की नाही, हा त्यांचा प्रश्न. त्यांना आधी विचारणे, तेही पोलीस बंदोबस्ताच्या दडपणाशिवाय, हे सरकारचे कर्तव्य आहे. नक्षलवाद्यांच्या बंदुकीने चार दशके या गावांचा आवाज दाबला. ती मागे हटत असताना सरकारनेही त्यांना गप्प बसवू नये.

तीन गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी कशावर खर्च व्हावा, हे खाणीच्या वाटेवरच्या ग्रामसभांनी ठरवावे. ज्या ग्रामसभा स्वतः तेंदूपत्त्याचे लिलाव करतात, त्यांना मे महिन्याच्या तोडणीआधी खेळते भांडवल मिळावे. आणि फळीवर, म्हणजे तेंदूपत्ता संकलन केंद्रावर, सत्तर पानांचा पुडा मोजून देणाऱ्या बाईची मजुरी ठेकेदाराने थकवली, तर ती त्याच हंगामात वसूल करून देण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर लेखी टाकावी.