माजघरांतून : सर्दीचा आठवडा

अश्विनांत सोयाबीनची मळणी सुरू झाली म्हणजे आमच्या अनसिंगावर धुळीचें पातळ पांघरूण पडतें, आणि पाठोपाठ घरोघर शिंका ऐकूं येऊं लागतात. यंदा त्या पंगतींतलें पहिलें पान माझें. आदल्या रात्रीं घसा खवखवला, सकाळीं नाक वाहूं लागलें. सूनबाईनें हातांतला झारा काढून घेतला आणि मला मधल्या खोलींतल्या पलंगावर नेऊन बसविलें. "आई, आतां आठ दिवस स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही."

अडुसष्टाव्या वर्षीं असा हुकूम मला प्रथमच मिळाला. ज्या घराचे आवाज आजवर मींच करीत आलें, ते आतां पडल्या पडल्या ऐकूं लागलें : कुकरची शिटी, देवघरांतली घंटा, हातून निसटलेली वाटी, पलीकडे वाशीम-पुसद रस्त्यानें जाणारी एस. टी. आलें, तुळस व गवती चहा घातलेला काढा वेळच्या वेळीं येई. तव्यावर शेकलेल्या ओव्याची पुरचुंडी उशाशीं असे. यांतल्या कशानेंही सर्दी लौकर हटत नाहीं, घसा मात्र निवतो. शिवाय आपल्यासाठीं कुणी ओवा शेकला, याचेंही एक सुख असतेंच! मुलानें कुठल्याशा जुन्या दुखण्यांतून उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या आणून दिल्या, त्या मी परत केल्या. सर्दी विषाणूंची, त्या गोळ्यांचा त्यांच्यावर कांहीं इलाज चालत नाहीं.

धाकट्या जाऊबाईंनीं दोष माझ्या ओल्या केसांना दिला. त्यावर पुतण्यानें एक हकीकत सांगितली. महायुद्ध संपल्यावर, १९४६ सालीं, इंग्लंडांत सॉल्सबरीजवळ केवळ सर्दीचा अभ्यास करण्यासाठीं एक केंद्र निघालें, आणि तें चाळीसहून अधिक वर्षें चाललें. हजारों माणसें तेथें आपखुषीनें राहून नाकांत सर्दीचे विषाणू घालून घेत. त्यांतल्या कांहींना आंघोळीनंतर ओलेत्यानें वाऱ्याच्या झोतांत उभें केलें. तरी त्यांना इतरांहून अधिक सर्दी झाली नाहीं. "तिकडची थंडी निराळी," जाऊबाई म्हणाल्या, आणि तो विषय तेथेंच मिटला.

सर्दीला आपण हंसतों तें ठीकच आहे. पण ताप एकाएकीं चढला, अंग मोडून आलें, धाप लागूं लागली, तर हंसूं नये. आमच्या आजेसासूबाई १९१८ च्या साथीला 'मानमोडी' म्हणत. त्या इन्फ्लुएंझानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडांत तर फार मोठा संहार झाला. घरांत कुणाला दोन दिवसांहून अधिक ताप राहिला कीं आजेसासूबाईंचें जपाकडे लक्ष लागत नसे.

पांचव्या दिवशीं माझें नाक मोकळें झालें, आणि त्याच सकाळीं स्वयंपाकघरांतून शिंक ऐकूं आली. सर्दी हातांवरून व शिंकेच्या तुषारांतून पसरते, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत अधिक. नेमक्या त्याच दिवसांत माझे पेले व रुमाल सूनबाईच्या हातीं होते. डोळे लाल, आवाज बसलेला, आणि ती कणीक मळीत उभी होती. "जा, जरा पड," मी म्हटलें.

"आई, साधी सर्दी तर आहे."

हे शब्द माझेच होते. मी सून असतांना चुलीपुढें डोळ्यांतून पाणी येई तें धुराचें कीं सर्दीचें, हें कुणी विचारीत नसे. मींही वेगळें करून पाहिलें नाहीं. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनाही तसें कुणी विचारलें नव्हतें, इतकेंच. आणि आतां मी स्वतः चार दिवस पडून तिचा काढा पीत होतें, तरी तो करणारीला कांहीं होऊं शकेल, हें शिंक ऐकूं येईपर्यंत माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

मी मुलाला हांक मारली. "तिचा आजचा स्वयंपाक तूं कर." त्यानें प्रथम माझ्याकडे, मग बायकोकडे पाहिलें. जाऊबाईंना हें रुचलें नाहीं, पण त्यांनीं लसूण सोलून दिला. मुगाची खिचडी झाली. मीठ दोनदां पडलें. नातवंडांनीं कुरकुर न करतां खाल्ली.

सूनबाई माझ्याच पलंगावर निजली ती थेट चार वाजेपर्यंत. जागी होतांच विचारलें, "दूध तापवलं का कुणी?"

तापवलें होतें. थोडें उतूं गेलें होतें. तें मी तिला सांगितलें नाहीं.