समन्यायी अध्यापन आणि प्राध्यापकांचे सहाध्ययन

विद्यापीठातील अध्यापन समन्यायी असावे, या तत्त्वाला आज उघडपणे कोणी विरोध करीत नाही. मतभेद आहे तो ते कसे व्हावे याविषयी. आणि या प्रश्नाचे आपल्याकडील रूढ उत्तर, प्राध्यापकाने मन मोठे ठेवावे, एवढेच आहे. हे उत्तर मला अपुरे वाटते. मोठ्या मनाचा प्राध्यापकही नकळत अन्याय करू शकतो, आणि तो त्याच्या ध्यानी यावा अशी कोणतीही सोय आपल्या विभागांत नसते.

केंद्रीय विद्यापीठांतील वर्गाची घडण गेल्या दोन दशकांत पालटली आहे. २००६ च्या अधिनियमाने केंद्रीय संस्थांत इतर मागास वर्गांसाठी २७ टक्के जागा राखल्या आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. आज साहित्याच्या एकाच वर्गात घरी गोंडी, भोजपुरी, वऱ्हाडी वा बोडो बोलणारी मुले बसतात. व्याख्यान मात्र पुष्कळदा इंग्रजीत चालते. या मुलांना प्रवेश कायद्याने मिळाला. त्यांना शिकवायचे कसे, हे मात्र ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडले गेले.

याचे परिणाम नोंदले गेलेले आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयीच्या सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये जातीय भेदभावाच्या तक्रारींची दखल घेतली. २०१६ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील अब्दुल नाफे समितीने संशोधनप्रवेशाचे गुण तपासले, तेव्हा लेखी आणि तोंडी परीक्षेतील गुणांची तफावत सामाजिक गटांनुसार एका ठरावीक दिशेने जाताना दिसली; तोंडी परीक्षेचे गुण ३० वरून १५ वर आणावेत, अशी शिफारस समितीने केली. त्या परीक्षकांत जाणूनबुजून अन्याय करणारे किती असतील? माझ्या मते थोडेच. उच्चारातील सफाई, संदर्भ सहज फेकण्याची लकब, उत्तरापूर्वीची स्तब्धता यांचा अर्थ लावण्याची प्रत्येकाची सवय असते, आणि आपण त्या सवयीलाच गुणग्राहकता म्हणत आलो आहोत.

सवय दिसते ती दुसऱ्याच्या सवयीशेजारी ठेवल्यावर. अभ्यागत म्हणून मी शिकविले अशा एका विभागात सहा-सात अध्यापकांनी नावे झाकलेल्या त्याच चार उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासल्या आणि मग एकत्र बसून गुण ताडून पाहिले. त्यांपैकी एका उत्तरपत्रिकेतील इंग्रजी मोडके होते, परिच्छेद विस्कळीत होते; बहुतेकांनी तिला काठावर पास केले होते. एका सहकाऱ्याने मात्र तिसऱ्या पानावरील दोन वाक्यांकडे बोट दाखविले. दया पवारांच्या ‘बलुतं’मधला निवेदक स्वतःला दोन माणसांत विभागून एकाकडून दुसऱ्याला गोष्ट सांगवितो, ओमप्रकाश वाल्मीकींच्या ‘जूठन’मधला तसे करीत नाही, असे का, असा प्रश्न त्या विद्यार्थ्याने उपस्थित केला होता. निर्दोष इंग्रजीतील इतर तिन्ही उत्तरांत हा प्रश्न नव्हता. पुढचा दीड तास ‘मांडणी’ या शब्दाखाली आपण नेमके कशाला गुण देतो, यावर बराच कडाक्याचा वाद झाला. एकमत झाले नाही. परंतु पुढच्या सत्रात प्रश्नपत्रिका देताना कोणत्या गोष्टीला किती गुण, हे विद्यार्थ्यांना आधी लेखी कळविण्यात आले, आणि उत्तर हिंदीत लिहिण्याची मुभा मिळाली.

प्रशिक्षणाची व्यवस्था आपल्याकडे नाही असे नव्हे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. आज त्यांच्या जागी मालवीय मिशनची शिक्षक-प्रशिक्षण केंद्रे आहेत. तेथे प्राध्यापक आपापल्या विभागातून एकटा जातो, व्याख्याने ऐकतो, पदोन्नतीला लागणारे प्रमाणपत्र घेतो आणि एकटाच परततो. ज्यांच्यासह तो प्रश्नपत्रिका काढतो ते सहकारी तेथे नसतातच.

याहून वेगळे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात शालेय शिक्षकांच्या मासिक बैठका होत. कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले, यावर तेथे चर्चा होई आणि तिच्या आधारे पाठ बदलले जात. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यात वर्षानुवर्षे सहभागी होते. शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. खेड्यातल्या शिक्षकांकडून अपेक्षिलेली ही रीत आपल्या विद्यापीठीय विभागांत मात्र रुजली नाही, याचे मला नवल वाटत आले आहे.

याला अध्यापनस्वातंत्र्याचा आक्षेप घेतला जातो. एकत्र वाचनाने कोणाचे मत बदलण्याची सक्ती होत नाही, म्हणून तो मला गंभीर वाटत नाही. गंभीर अडचण दुसरी आहे: अशा बैठकीत कंत्राटी वा अतिथी अध्यापक विभागप्रमुखासमोर मोकळेपणाने बोलणार कसा? (मज अभ्यागताला हे सोपे, मला येथे पदोन्नती मागायची नाही.) म्हणून गुणांच्या चिठ्ठ्या बिननावी असाव्यात आणि अध्यक्षपद आळीपाळीने फिरावे. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. सहकाऱ्यांसह उत्तरपत्रिका वाचण्याचा तास त्या हिशेबात बसत नाही. तो बसवावा, एवढी मागणी तरी प्राध्यापक संघटनांनी आयोगाकडे करावी.