फुकटचा नकार

परदेशप्रवासाची वर्णने मराठी वाचकाला नवी नाहीत. त्यांत राजवाडे असतात, वस्तुसंग्रहालये असतात, बर्फाची शिखरे असतात आणि तिकडच्या शिस्तीचे कौतुकही असते. अशा वर्णनांत सहसा न आढळणारा एक दिवस मात्र पुष्कळ प्रवाशांच्या वाट्याला येतो. तो पोलीस ठाणे, वकिलात आणि विमान कंपनी यांच्या खिडक्यांपुढे उभे राहण्यात जातो. संध्याकाळी पाहावे तर काम झालेले नसते आणि दोष कोणाचाच नसतो. प्रत्येकाने आपापला नियम पाळलेला असतो. घरी परतल्यावर ही गोष्ट फजितीची म्हणून सांगितली जाते व हशा पिकतो. परंतु जी हानी झाली तिचा भार नेमका कोणावर पडला, असा हिशेबी प्रश्न विचारला म्हणजे या गोष्टीतील विनोद ओसरू लागतो.

उदाहरणादाखल एक निवृत्त शिक्षक दांपत्य घ्यावे. मुलीकडे पॅरिसला महिनाभर राहून परतण्याच्या आदल्या दिवशी भुयारी रेल्वेच्या गर्दीत बाईंची पर्स नाहीशी होते. पर्समध्ये पारपत्र असते आणि त्या पारपत्रातच प्रवेशपरवाना चिकटवलेला असतो. पोलीस ठाण्यावरील पहिला प्रश्न असा, की पर्स चोरीस गेली की हरवली? दोन्हींचे कागद निराळे. बाईंनी चोर पाहिलेला नाही, त्यामुळे त्या प्रामाणिकपणे ‘ठाऊक नाही’ असे सांगतात. पण ‘ठाऊक नाही’ या उत्तरासाठी कोणताच छापील नमुना नसतो. तो प्रश्न सुटून हाती दाखला येईपर्यंत वकिलातीची सकाळची वेळ संपते. दुपारी विनवणी करून आत शिरावे, तर अर्जावरील नाव आणि इतर कागदांवरील नाव यांचा मेळ बसत नाही. लग्नात मुलीचे नावच बदलण्याची महाराष्ट्रातील जुनी रीत येथे आडवी येते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पारपत्रावर दुसरे आणि आधारपत्रावर त्याच दुसऱ्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग तिसरे! नोंदी जुळल्या असत्या तर संगणकावर पडताळणी होऊन काम लवकर उरकले असते. त्या जुळत नाहीत, म्हणून विचारणा पुण्याकडे जाते. पॅरिसला उन्हाळ्यात दुपारचे दोन वाजतात तेव्हा पुण्यात साडेपाच झालेले असतात. कचेरी बंद होण्याची ती वेळ.

समजा, वकिलातीतील एखाद्या सहृदय अधिकाऱ्याने खटपट करून दुसऱ्या दिवशी ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ हातात ठेवले. हा कागद भारतात एकदाच, एका दिशेने परतण्यापुरता असतो. आता विमानतळावर तिसरा अडसर उभा राहतो. तिकीट वाटेत अन्य देशात विमान बदलण्याचे आहे. असा कागद घेऊन येणाऱ्या भारतीय प्रवाशाला त्या देशातून पुढे जाऊ देतात की नाही, याविषयी खिडकीमागील तरुण कर्मचाऱ्याला खात्री नसते. तो वरिष्ठांना विचारतो, वरिष्ठ संगणकात पाहतात. रांग खोळंबते. शेवटी ‘माफ करा’ असे अतिशय सभ्य शब्दांत सांगून दोघांना बाजूला केले जाते आणि विमान निघून जाते.

या कर्मचाऱ्याला उर्मट किंवा निर्दय ठरवणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे होईल. त्याच्या जागी कोणीही असते तरी त्याने बहुधा हेच केले असते. योग्य कागदपत्रे नसलेला प्रवासी आणून उतरवला, तर विमान कंपनीला दंड होतो. युरोपीय संघाने २००१ साली काढलेल्या निदेशानुसार या दंडाची कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे ५,००० युरोंपेक्षा कमी ठेवता येत नाही, किंवा किमान दंड तरी ३,००० युरोंहून कमी असता कामा नये. भारतानेही २००० साली असाच कायदा केला आणि २०२५ च्या नव्या कायद्यात तो सामावून घेतला. म्हणजे कर्मचाऱ्याने ‘हो’ म्हटले आणि ते चुकीचे ठरले तर कंपनीला हजारो युरोंचा फटका बसतो, व त्याची नोकरीही धोक्यात येते. त्याने ‘नाही’ म्हटले आणि ते चुकीचे ठरले, तर? तर नवे तिकीट, हॉटेलची एक रात्र आणि मनस्ताप या साऱ्याचा भुर्दंड खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसावर पडतो. चुकीचा होकार महाग आणि चुकीचा नकार फुकट अशी व्यवस्था असेल, तर शंकेच्या प्रत्येक प्रसंगी नन्नाचा पाढाच ऐकू येणार. जी वस्तू फुकट मिळते तिचा वापर गरजेपेक्षा अधिक होतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

एरवी विमानप्रवाशाच्या हक्कांबाबत युरोप उदार आहे. २००४ साली तेथे झालेल्या नियमाने विमान रद्द झाल्यास किंवा प्रवाशाला अन्यायाने वगळल्यास अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई देऊ केली. युरोपातील विमानतळावरून निघणारा प्रवासी कोणत्या देशाचा आहे, हे तो नियम पाहत नाही. ही मोठीच गोष्ट. परंतु त्याच नियमाच्या व्याख्येत एक अपवाद घातलेला आहे: प्रवासाची कागदपत्रे अपुरी असण्यासारखे वाजवी कारण असेल, तर प्रवेश नाकारणे हे ‘नाकारणे’ मानले जाणार नाही. कारण वाजवी होते की नव्हते याचा वाद प्रवाशाने नंतर घालायचा, तोही बहुधा सहा-सात हजार किलोमीटरांवरून. कागदाची शंका निघताच भरपाईचे दार असे लोटले जाते.

मग सामान्य आपत्तीचा भारही सर्वांवर सारखा पडत नाही. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडमधील ज्वालामुखीची राख आकाशात पसरली आणि युरोपातील विमानवाहतूक जवळजवळ आठवडाभर कोलमडली. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली. निसर्गाने भेदभाव केला नव्हता. पण ज्यांच्यापाशी उतरण्याचा परवाना होता, किंवा ज्यांना त्याची गरजच नव्हती, ते शहरात हॉटेल शोधू शकले, आगगाडीने पुढे जाऊ शकले. जे केवळ विमान बदलण्यासाठी उतरले होते आणि ज्यांच्या पारपत्राला परवान्यावाचून दार उघडत नव्हते, त्यांना विमानतळाच्या आतच खाटा टाकून दिवस काढावे लागले. राख तीच, विलंब तोच. किंमत मात्र पारपत्राच्या रंगावर ठरली.

या व्यवस्थेचे टोक पाहायचे असेल, तर मेहरान करीमी नासेरी या इराणी गृहस्थाची हकीकत आठवावी. निर्वासित असल्याची कागदपत्रे त्याच्यापाशी उरली नव्हती. १९८८ साली तो पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर अडकला आणि २००६ पर्यंत तेथील बाकांवर राहिला. १९९२ मध्ये फ्रेंच न्यायालयाने सांगितले, की त्याला विमानतळावरून हुसकता येणार नाही. पण त्याला देशात प्रवेश द्या, असेही न्यायालय सांगू शकले नाही. मूळ कागदपत्रे बेल्जियमने दिलेली होती. ती पुन्हा हवी असतील तर त्याने समक्ष यावे, असे त्या देशाचे म्हणणे; आणि समक्ष जाण्यासाठी तर ती कागदपत्रेच हवीत! पुढे कागद मिळू लागले तेव्हा त्याने ते स्वीकारण्यास नकार दिला, हेही सांगितले पाहिजे. इतक्या वर्षांनंतर त्याचे मन थाऱ्यावर राहिले नसेल, तर त्यात नवल ते काय? २०२२ साली तो वारला तोही त्याच विमानतळावर. या साऱ्या काळात दोन देशांतील एकाही कचेरीने स्वतःचा नियम मोडला नव्हता.

देशांनी आपल्या सीमांवर पहारा ठेवूच नये, असा याचा अर्थ नव्हे. बनावट दाखले, खोटी बँकखाती, माणसे चोरवाटेने पोहोचवणारे दलाल हे सारे खरे आहे, आणि त्यांत आपल्याकडील मंडळी मागे नाहीत. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात बराचसा प्रवास पारपत्रावाचून होत असे, आणि १९२० साली पॅरिसला भरलेल्या राष्ट्रसंघाच्या परिषदेने पारपत्राचा एकसारखा नमुना ठरवला, तेव्हा हे निर्बंध पुढे उठतील अशीच अनेकांची अपेक्षा होती. तो काळ परत येणार नाही. पहारा असावा की नसावा हा मुद्दाच नाही. पहारेकऱ्याच्या चुकीचे पैसे कोणी भरायचे, एवढाच मुद्दा आहे.

आणि या मुद्द्यावर भारतातील अनुभव बोलका आहे. १९६७ पर्यंत पारपत्र देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. देण्यासंबंधी कायदाच नव्हता, त्यामुळे नाकारण्याचे कारणही सांगावे लागत नसे. त्या वर्षी सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला आणि सरकारला पारपत्र अधिनियम करणे भाग पडले. त्या अधिनियमाने नकाराची कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन घातले व अपिलाची वाट ठेवली. १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने हे तत्त्व अधिक घट्ट केले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने आणखी एक पाऊल टाकले: सबळ कारणावाचून माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानेही विहित मुदतीत सेवा न देणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. प्रत्यक्षात हे दंड किती वेळा वसूल होतात, याचे उत्तर तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्याला विचारावे. तरीही नकार आणि विलंब यांना रुपयांत मोजता येणारी किंमत असू शकते, ही कल्पना कायद्यात आली.

सीमेपलीकडे मात्र ती पोहोचलेली नाही. युरोपातील शेंगेन देशांच्या प्रवेशपरवान्याचे शुल्क जून २०२४ मध्ये ८० युरोंवरून ९० युरो झाले. अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. त्याखेरीज ३०,००० युरोंचा आरोग्यविमा हवा, बँकेचे उतारे हवेत, राहण्याच्या सोयीचे पुरावे हवेत. नकार येतो तो छापील नमुन्यावर, एखाद्या चौकटीत केलेल्या खुणेच्या रूपाने. मुदत संपण्यापूर्वी अर्जदार परत जाईल की नाही याविषयी शंका वाटते, अशा आशयाची एक चौकट त्यात असते. स्वतःच्या हेतूचा पुरावा माणसाने कसा द्यायचा? निवृत्तिवेतनाचा कागद, घराचा उतारा, गावाकडील शेताचा सात-बारा यांची चळत रचून हेतू सिद्ध होतो, अशी श्रद्धा बाळगून मंडळी फायली भरत असतात. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला आहे. पण ज्या देशाने नाकारले त्याच्याच रीतीने ते करायचे. निवृत्त शिक्षक त्या वाटेला जात नाही. तो पुन्हा ९० युरो भरून नवा अर्ज करतो, किंवा नातवाचे बारसे दूरध्वनीच्या पडद्यावर पाहतो. प्रत्येक नव्या अर्जाबरोबर नवे शुल्क जमा होत असेल, तर नकार नुसता फुकट राहत नाही, तो किफायतशीर होऊ लागतो.

व्यापारकरारांच्या वाटाघाटीत मोटारी, मद्य आणि औषधे यांवरील जकातीचा टक्का न् टक्का मोजला जातो. त्याच मेजावर तीन साध्या गोष्टी मागता येतील. अपिलात अर्जदाराचे म्हणणे मान्य झाले, तर शुल्क आणि अपिलाचा खर्च परत मिळावा. नकाराचे कारण चौकटीतील खुणेऐवजी त्या अर्जाला धरून लिहिलेल्या दोन वाक्यांत असावे. आणि कागदपत्रे पुरेशी होती असे नंतर सिद्ध झाल्यास, विमानात चढू न दिलेल्या प्रवाशाला भरपाई आपोआप मिळावी. तो अपवाद कर्मचाऱ्याच्या नुसत्या शंकेवर लागू होऊ नये. समोरचा देश साहजिकच विचारील, की तुमच्याकडे येणाऱ्या आमच्या नागरिकाला तुम्ही यांपैकी काय देता? भारताने २०१४ पासून संगणकावरून परवाने देण्यास आरंभ करून पुष्कळ हेलपाटे वाचवले आहेत, हे खरे. परंतु हा प्रश्न आला म्हणजे भारतीय प्रतिनिधींना आपल्या गृह खात्याकडे वळून पाहावे लागेल. तेथे ‘हो’ मिळवणे हे ब्रुसेल्सला मिळवण्याइतकेच अवघड जाण्याची शक्यता आहे.