टाचणवहीतील वाचन आणि वर्गातील वाचन

इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला वाचता येते, असे आपण गृहीत धरतो. या टप्प्यावरील भाषेच्या तासिकांची सारी आखणी याच गृहीतावर उभी असते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाने २०२२ साली आठवीतील ६९.६ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, असे नोंदविले. म्हणजे आठवीच्या बाकावर बसलेल्या दर दहा मुलांपैकी तीन मुलांना समोरचे पुस्तक वस्तुतः बंदच असते. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेरपर्यंतचे लक्ष्य समोर ठेवले, ते योग्यच होते. परंतु जी मुले ती पायरी न चढताच पुढे आली, त्यांचे उत्तरदायित्व कोणाकडे? ते सहावी-सातवीच्या भाषाशिक्षकाकडे येते आणि त्याच्या हाती साधन असते ते साप्ताहिक टाचणाचे. म्हणूनच या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या वहीचा विचार गांभीर्याने करणे अगत्याचे आहे.

टाचण ही कल्पना मुळात वाईट नाही. एकोणिसाव्या शतकातील जर्मन विचारवंत हर्बार्ट याच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या ठरविल्या आणि 'पंचपदी' या नावाने त्या आपल्या अध्यापक विद्यालयांत रुळल्या. शिक्षकाने पूर्वविचाराविना वर्गात पाऊल टाकू नये, हा त्यामागील हेतू होता. कालांतराने हेतू मागे पडला आणि रकाने उरले. घटक, उपघटक, उद्दिष्टे, अध्ययन अनुभव, साधने, मूल्यमापन असे रकाने भरायचे आणि मुख्याध्यापकांची स्वाक्षरी घ्यायची, एवढ्यावर पुष्कळ ठिकाणी आठवड्याचे नियोजन संपते. हल्ली तर तयार टाचणे भ्रमणध्वनीवरून या शाळेतून त्या शाळेत जातात. ज्या मुलांना लेखणी धरणाऱ्याने कधी पाहिलेले नाही, त्यांच्या आठवड्याचा आराखडा असा आयता मिळतो!

या दोषातून प्रस्तुत लेखकही सुटलेला नाही. सातवीच्या वर्गावर असताना माझ्या टाचणात दर सोमवारी 'विद्यार्थी उताऱ्याचे प्रकट वाचन करतात' असे वाक्य असे. बाकांच्या क्रमाने एकेक परिच्छेद वाचला जाई आणि आठवड्याच्या शेवटी मी 'उद्दिष्ट साध्य' असा शेरा लिहून मोकळा होई. एके दिवशी सहज मी क्रम उलटा केला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि नुसताच उभा राहिला. पुढे उलगडा झाला तो असा: आपल्या आधी किती मुले आहेत ते मोजून तो आपल्या वाट्याचा परिच्छेद आधीच हेरून ठेवी, शेजाऱ्याकडून तो ऐकून घेई आणि पाळी आली की बिनचूक म्हणून दाखवी. मला फसविण्यासाठी त्याने जेवढी बुद्धी आणि जेवढे कष्ट खर्च केले, तेवढ्यांत तो वाचायला शिकला असता. माझ्या टाचणात त्याच्यासाठी जागाच नव्हती. तेथे 'विद्यार्थी' होते, तो नव्हता.

थोडे गणित मांडून पाहावे. चाळीस मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांची तासिका असेल, तर सर्वांनी आळीपाळीने मोठ्याने वाचायचे म्हटल्यास प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. उरलेली चौतीस मिनिटे मूल ऐकते, अथवा ऐकत नाही. अशा तासिकेला वाचनाची तासिका म्हणणे ही आत्मवंचना आहे.

माझे मत असे की, साप्ताहिक नियोजन रद्द करू नये. त्याचा कर्ता बदलावा. शिक्षक काय शिकविणार याऐवजी मुले काय वाचणार, हे त्यात लिहावे. आठवड्यातील एका तासिकेत शिक्षकाने स्वतः आदर्श वाचन करावे. दोन तासिका मूकवाचनाच्या असाव्यात. त्याच वेळी शिक्षकाने अडखळणाऱ्या पाच-सहा मुलांना जवळ घेऊन, त्यांना झेपेल असा मजकूर त्यांच्याकडून वाचून घ्यावा. एक तासिका वाचलेल्यावर बोलण्यासाठी राखावी. शेवटचा रकाना मात्र आगाऊ भरू नये. तो आठवडा संपल्यावर भरावा आणि त्यात नावानिशी लिहावे: कोण कुठे अडले, कोणी कोणते पुस्तक मागून घेतले. पुढच्या आठवड्याचे टाचण या रकान्यातून जन्मावे.

यावर पहिला आक्षेप येईल तो वेळेचा. अभ्यासक्रम केव्हा पुरा करायचा? शिक्षणहक्क कायद्याने, २००९ च्या त्या अधिनियमाने, सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि एक हजार तास नेमून दिले आहेत. अभ्यासक्रम मुदतीत पूर्ण करण्याचे कर्तव्य शिक्षकावर सोपविणाऱ्या त्याच कायद्याने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा शिकविण्याचे कर्तव्यही त्याच्यावर सोपविले आहे. पहिल्याचा हिशेब सारेच मागतात, दुसऱ्याचा कोणी मागत नाही. दुसरा आक्षेप श्रमांचा. तो अधिक सबळ आहे. कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे पंचेचाळीस तास धरले, ते पूर्वतयारीसह. ती तयारी माहिती भरण्यातच खर्ची पडत असेल, तर दोष शिक्षकाचा म्हणता येणार नाही. म्हणून नवा रकाना वाढविताना जुने चार रकाने गाळले पाहिजेत. तपासणाऱ्यानेही वहीची पाने मोजण्याऐवजी वर्गात बसून दोन मुलांचे वाचन ऐकावे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी वर्गांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. हैदराबाद, बडोदे किंवा इंदूर येथील मुलाच्या कानांवर रस्त्यात मराठी पडतेच असे नाही. 'ओसरी' किंवा 'माजघर' हे शब्द तो अस्खलित उच्चारील. पण त्यामागचे घर त्याने पाहिलेले नसते. पुण्यातील मुलासाठी लिहिलेले टाचण त्याच्यापुढे ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा चढविणे होय. त्याचा आठवडा त्याच्या शिक्षकानेच बेतला पाहिजे.

मागच्या बाकावरचा तो मुलगा पुढे वर्षअखेरीस लहान गोष्टी आपल्याआप वाचू लागला. सफाईने नव्हे, बोट ठेवून. त्या वर्षीच्या माझ्या टाचणवहीत खाडाखोड फार होती आणि शेरा प्रतिकूल मिळाला. आजवर भरलेल्या वह्यांपैकी तेवढी एकच मी जपून ठेवली आहे.